जुन्या घरातलं न्हाणीघर पुन्हा न्हाणीघरासारखं करताना

सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी आमचं जुनं घर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, भावकी वाचते. पणजोबांनी 1910 च्या आगेमागे बांधलेलं, एकचौकी, खाली दगड-मातीच्या जाड भिंती, वर वीट, तुळया सागाच्या. त्या घराचं न्हाणीघर मी नोव्हेंबर 2024 ते ऑगस्ट 2025 या काळात दुरुस्त करून घेतलं. करताना दहा जणांना विचारलं आणि दहा जणांनी "पाडा आणि नवीन बांधा" एवढंच सांगितलं, म्हणून आता ज्यांना पाडायचं नाहीये त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहून ठेवतेय.

आधी काय होतं ते सांगते. मागच्या पडवीला लागून साधारण सात बाय साडेसहा फुटांची न्हाणी. 1987 साली काकांनी तिथे सिमेंटचा गिलावा करून कमरेपर्यंत गुलाबी टाइल्स लावल्या, तेव्हा ते गावात कौतुकाचं होतं. पण जुन्या भिंतीला जमिनीतली ओल वर ओढायची सवय असते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत निघून जाते, तिथे सिमेंट आणि टाइल लावली की ओलीला बाहेर पडायला जागाच राहत नाही, मग ती टाइलच्या वर चढते. आमच्याकडे ती चढत चढत छताच्या तुळईच्या टोकापर्यंत गेली होती. भिंतीला लोणा लागलेला, हात लावला की पांढरी पूड. संडास परसात, पंचवीस-तीस पावलांवर, आणि आईचं वय 78, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रात्री पावसात बॅटरी घेऊन तिने परसात जायचं हे काही चालण्यासारखं नव्हतं.

म्हणजे मागण्या दोन आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध. आईला कमोड आतच हवा, धरायला दांडा हवा, गरम पाणी बटनावर हवं. आणि तिलाच परत न्हाणी "होती तशी" हवी, म्हणजे टाइल्स लागायच्या आधीची: काळ्या दगडाचा धोंडा, लाल कोबा, चुन्याच्या भिंती, देवळीत घासणी आणि शिकेकाईचा डबा, बाजूला तांब्याचा बंब. मला वाटलं होतं दिसण्याचं काम अवघड असेल आणि पाण्याचं सोपं. झालं बरोब्बर उलट.

पण पाण्याच्याही आधी कागद. घर सामाईक आहे. बाबा गेल्यावर वारसनोंद करायची राहून गेली होती, प्रॉपर्टी कार्डावर अजून बाबा आणि काकाच. शहर हद्दीत किंवा सिटी सर्व्हे झालेल्या गावठाणात घर असेल तर सातबारा नसतो, प्रॉपर्टी कार्ड असतं, आणि ते महाभूमी या सरकारी साइटवर डिजिटल सहीचं मिळतं, तेवढ्यासाठी ऑफिसात जायची गरज नाही. दिवाळीला सगळे जमले तेव्हा फराळ चालू असतानाच विषय काढला. चुलतभावाचा एकच प्रश्न, "खर्च कोण करणार?" मी म्हटलं मी. मग कुणाचीच हरकत राहिली नाही, पण तोंडी होकार आणि सही यात फरक असतो हे ज्यांची सामाईक घरं आहेत त्यांना मी काय सांगणार.

वकिलांनी सांगितलं, साधं संमतीपत्र करा, त्यात स्पष्ट लिहा की या खर्चामुळे कुणाचा हिस्सा वाढत नाही की कमी होत नाही. हे वाक्य घातल्यावर सह्या भराभर झाल्या. काकांनी शंभरचे स्टॅम्पपेपर आणून ठेवले होते ते तसेच राहिले, कारण ऑक्टोबर 2024 पासून अशा कागदांना पाचशेचा लागतो. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याची पॉवर ऑफ अटर्नी तिकडून कॉन्सुलेटमधून अटेस्ट होऊन आली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, परदेशात सही झालेला असा दस्त भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याची स्टॅम्प ड्युटी भरून घ्यावी लागते, पाकीट कपाटात टाकून विसरून जाऊ नका. मधे विधानसभेची निवडणूक होती, 20 नोव्हेंबरला मतदान, त्यामुळे निम्मा स्टाफ इलेक्शन ड्युटीवर आणि वारसनोंदीचा अर्ज डिसेंबरातच पुढे सरकला. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग नोटीस, हरकतीची मुदत. नाव लागेपर्यंत जानेवारी संपत आला. वकील, स्टॅम्प, नोटरी, कुरिअर सगळं मिळून 17 हजार.

नगरपरिषदेची परवानगी लागते का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966, त्याचं कलम 43 वाचा. घराच्या फक्त आतल्या भागात होणारी किंवा बाहेरून घराचं रूप फारसं न बदलणारी दुरुस्ती असेल तर विकास परवानगी लागत नाही, मात्र घर हेरिटेज यादीत किंवा हेरिटेज परिसरात असेल तर ही सूट नाही. आमचं घर यादीत नाही, हे तोंडी विचारून न थांबता अर्ज देऊन लेखी उत्तर घेतलं. तिथल्या क्लार्क बाईंनी वर आपणहून सांगितलं की आतलं काय ते करा, पण सांडपाणी कुठे सोडणार त्याचा नकाशा जोडून द्या म्हणजे पुढे कुणी तक्रार केली तरी कागद तुमच्याकडे राहील. हा सल्ला लाखमोलाचा निघाला. घरपट्टी आणि पाणीपट्टीची चालू पावती, थकबाकी नसल्याचा दाखला, संमतीपत्राची प्रत, एवढं त्यांना लागलं.

त्या नकाशासाठी इंजिनिअर घेतला, फी 12 हजार. त्याआधी एक कॉन्ट्रॅक्टर येऊन गेला होता, त्याने न्हाणीच्या दारातच उभं राहून मोबाइलवर दगडासारख्या दिसणाऱ्या छापील टाइल्स दाखवल्या, "मॅडम, एकदम हेरिटेज लूक, आठ दिवसांत देतो." वर विचारलं, "साहेब कधी भेटतील?" म्हटलं साहेब पुण्यात नोकरीला जातात, इथली साहेब मीच. परत काही तो आला नाही.

इंजिनिअरने मात्र पहिला अर्धा तास न्हाणीत पाऊलच टाकलं नाही. तो परसात फिरत होता. पूर्वी न्हाणीचं पाणी कुठे जायचं, असं त्याने आईला विचारलं. आई म्हणाली, केळीला आणि अळवाला, दगडी पाट होता. तो पाट 1987 ला बुजवून पाइप टाकला गेला आणि पाइप गल्लीतल्या गटारात. आता गल्ली नुकतीच काँक्रीटची झालेली, त्यामुळे संडासाची नवी लाइन पुढून काढायची तर रस्ताखोदाईची परवानगी आणि काँक्रीट परत करून देण्याचे पैसे. तो आकडा ऐकून आम्ही परसाकडे वळलो. ठरलं असं: कमोडची लाइन परसातल्या जुन्या सेप्टिक टँकला, आणि आंघोळीचं पाणी वेगळ्या पाइपने शोषखड्ड्याला. विहीर आहे म्हणून तिच्यापासून खड्डा साठ फुटांच्या पलीकडे घेतला. सेप्टिक टँक आधी उपसून घेतला, त्याची गाडी नगरपरिषदेत पैसे भरून बुक करावी लागते, आणि टँकचं झाकण नक्की कुठे आहे हे गाडी यायच्या आदल्या दिवशी शोधून ठेवा. आमचं तुळशीच्या वृंदावनाला टेकून निघालं.

फेब्रुवारीत तोडफोड. ब्रेकर मशीन लावू नका, हे मी हात जोडून सांगते. दगड-मातीच्या भिंतीला मशीनचा हादरा बसला की आतली माती सुटते आणि भिंत पोट काढते. आमच्या गवंडी मामांनी छिन्नी-हातोडीने सगळं सोलून काढलं, वेळ लागला, मजुरी वाढली, पण भिंत जागची हलली नाही. हे मामा म्हणजे वाईकडे देवळांच्या जीर्णोद्धाराच्या कामांवर चुना करणारे, वय साठीच्या पुढे, फोन उचलत नाहीत, त्यांच्या सुनेला फोन करावा लागतो. त्यांच्यासाठी जवळजवळ महिनाभर थांबले. असा माणूस शोधायचा असेल तर हार्डवेअरच्या दुकानात विचारून उपयोग नाही, गावातल्या जुन्या देवळाचं काम कुणी केलं ते पुजाऱ्यांना विचारा.

टाइल्सच्या खाली सिमेंट, सिमेंटच्या खाली वाळू, आणि वाळूखाली काळ्या दगडाचा धोंडा जसाच्या तसा! अडीच बाय दोन फूट, मधे किंचित खोलगट, एका कडेला पाणी वाहून वाहून गुळगुळीत झालेला. काकांनी काढला नव्हता, वरून झाकला होता. काकांना फोन केला तर म्हणाले, "उचलेना म्हणून ठेवला." राडारोडा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने गेला, साडेसहा हजार. त्यातल्या जुन्या विटा मात्र जाऊ दिल्या नाहीत, त्या कुटून सुरखी, म्हणजे विटांची पूड, केली.

भिंती उघड्या पडल्यावर मामा म्हणाले, आता काही करायचं नाही, वाळू द्यायची. मार्चचे जवळजवळ तीन आठवडे न्हाणी नुसती उघडी, दार-खिडकी सताड, आणि आई पडवीत आडोसा करून आंघोळ करतेय. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, काम बंद पडलं का गं? चिडचिड व्हायची. पण त्या दिवसांत भिंतीचा रंग डोळ्यांदेखत फिका होत गेला. तुळईच्या टोकाला वाळवी नव्हती, फक्त दोनेक इंच कुजलेलं, सुताराने तेवढं काढून सागाचाच तुकडा सांधला.

याच काळात चुना भिजत घातला होता, आणि हे बघण्यासारखं असतं. कळीचा चुना म्हणजे भट्टीतून आलेले पांढरे खडे, पाणी लागलं की फसफसून तापतात आणि पाणी अक्षरशः उकळायला लागतं. मामांचे नियम दोन. एक, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, पाण्यात चुना थोडा थोडा सोडायचा. दोन, प्लॅस्टिकच्या पिंपात अजिबात नाही, उष्णतेने पिंप बसतं. आम्ही परसात विटांचा हौद केला होता. वाफेचे लोट, कडकड आवाज, आणि मामा लांब दांड्याच्या फावड्याने ढवळतायत, डोळ्याला माझ्या लेकाचा पोहण्याचा गॉगल. हसू नका, डोळ्यात चुना गेला तर डोळा जातो, गॉगल आणि रबरी हातमोजे घ्याच. मग वर चार बोटं पाणी ठेवून हौद झाकून टाकला. महिन्याभराने मामांनी तळातून हात घालून गोळा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला, लोण्यासारखा, बोटाने दाबला तर एक कण लागत नव्हता. "आता हा लावायचा," म्हणाले. चुना, वाळू, वाहतूक, गूळ, मेथी, बेलफळं सगळं मिळून 17 हजार.

गूळ-मेथीबद्दल लोक फार विचारतात. मेथी रात्रभर भिजवून वाटली, बेलफळाचा गर आणि गूळ पाण्यात कालवून ते पाणी चुन्यात. मामांच्या मते त्याने चुना चिकट होतो, तडा कमी जातो. प्रमाण ते सांगत नाहीत, हाताने बघतात, म्हणून मी पण लिहिणार नाही. मुंग्या मात्र येतात, पहिले काही दिवस भिंतीवर रांगा होत्या.

तिकडे प्लंबिंग. पाणी जाईल कुठे आणि हवा येईल कुठून, एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरं प्लंबरने कागदावर काढून दाखवल्याशिवाय त्याला पाइप आणायला पैसे देऊ नका. आमच्याकडे नहाणी ट्रॅप (जमिनीतून पाणी जाण्याची जागा, तिच्यात साठलेलं पाणी वास अडवतं), त्याला साफ करायला वरून झाकण, कमोडच्या लाइनला व्हेंट पाइप जो कौलांच्या वर काढलाय, आणि प्रत्येक वळणाला चेंबर. पाइप भिंतीत गाडले नाहीत. जुन्या भिंतीत खाच पाडायची नाही हे मामांनी आधीच बजावलं होतं, त्यामुळे पाण्याचे पाइप भिंतीच्या बाहेरून, सागाच्या पट्टीमागे लपवले. पट्टी चार स्क्रूने निघते, म्हणजे गळती झाली तर भिंत फोडायला नको. प्लंबिंग मालासकट 46 हजार, शोषखड्डा 28 हजार.

जमिनीला खाली विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा कोबा, सात फुटांना जवळपास दीड इंच उतार. त्यावर पाणी भरून दोन दिवस ठेवलं, भिंतीवर खडूने रेघ मारून. दुसऱ्या दिवशी रेघ केसभर खाली, मी घाबरले, इंजिनिअर म्हणाला एप्रिल आहे, उन्हाने एवढं उडणारच, पडवीकडून भिंत बघा, कोरडी आहे ना? कोरडी होती. ही टेस्ट कुणी कितीही घाई केली तरी सोडू नका, वरचा थर एकदा झाला की खाली काय चाललंय ते कळत नाही.

मग लाल कोबा. तीन भाग सिमेंटला एक भाग रेड ऑक्साइड, सगळं कोरडं असतानाच एकदम चाळून एका ढिगात करून ठेवायचं, कारण दोन वेळा कालवलं की दोन लाल होतात. काम सकाळी सुरू झालं की संपेपर्यंत कुणी जेवायला उठत नाही. मामांचा मुलगा थापीने घोटत मागे मागे सरकत दारातून बाहेर पडला तेव्हा साडेचार वाजले होते. सगळे म्हणत होते आरशासारखा घोटा, जुन्या घरात असतो तसा. पण ओला घोटलेला कोबा म्हणजे आईच्या गुडघ्याला आमंत्रण. म्हणून घोटीव फक्त भिंतीच्या कडेने वीतभर पट्टा, आणि मधल्या भागावर ओला असताना सुतळी दाबून चौकडी पाडली. जुन्या पडव्यांमधून अशा रेघा असायच्या, दिसायलाही बरोबर आणि पाय धरतो. नंतर आठवडाभर पाणी तुंबवून ठेवलं, मग वाळल्यावर खोबरेल तेलाचा हात.

धोंडा परत त्याच्या जागी बसवला, पण आई आता खाली बसू शकत नाही. त्याच्या मागे दगडी बाक केला, अठरा इंच उंच, कडा गोल करून. ती बाकावर बसते, पाय धोंड्यावर. पाणी जिथे उडतं त्या दोन बाजूंना चार फुटांपर्यंत शहाबादी फरशी लावली, पॉलिश न केलेली, बाकी भिंती मोकळ्या चुन्याच्या. फरशी आणि दगडकाम 15 हजार. कमोड एका कोपऱ्यात, मधे सागाची अर्धी भिंत, वरून उजेड यावा म्हणून पूर्ण नाही नेली. कमोड साधा पांढरा, त्याला जुना दाखवायच्या फंदात पडले नाही, आपल्याकडे पूर्वी तो नव्हताच तर जुना कुठला दाखवणार?

नळांसाठी पुण्यातला जुना बाजार, बुधवार आणि रविवार. पितळी नळ तिथे वजनावर मिळतात. अट एकच, नळ उघडझाप करून बघा, आतला दांडा झिजलेला असेल तर वॉशर बदलून काही होत नाही. आईने धरायचा दांडाही पितळी, जुन्या जिन्याच्या कठड्याचा पाइप कापून केला, पण तो चुन्याच्या भिंतीवर विसंबून चालत नाही, ओढला की गिलाव्यासकट येईल. दोन्ही टोकांना आरपार बोल्ट टाकून पलीकडून लोखंडी पट्टी दिलीय. माझ्यासारख्या जाड बाईने लोंबकळून बघितलंय.

बंब माळ्यावर होता, पिचलेला, तोटी गायब, मधल्या नळीला भोक. तांबट आळीत, कसब्यात, नेला. तिथे अजून हातोड्याचा ठोक ऐकू येतो, पेशवाईपासूनचे तांबट. कारागिराने बंब उलटा केला, बोटाने वाजवला, आवाज ऐकला आणि म्हणाला, "पत्रा चांगलाय, आताच्या बंबात एवढा जाड येत नाही, विकू नका." मधली नळी बदलली, नवी तोटी, पोचे काढून मठारकाम (हातोडीने ठोकून पत्रा सारखा करणं), 4,200 रुपये, दोन आठवडे.

पण बंब न्हाणीत ठेवला नाही, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाने नीट वाचा. बंद बाथरूममध्ये कोळसा किंवा लाकूड पेटवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला आधी झोप येते आणि मग उठता येत नाही. पूर्वीच्या न्हाणीला वर उघडा झरोका असायचा, दार फटींचं, आता आपण सगळं घट्ट बंद करतो. त्यामुळे बंब भिंतीपलीकडे पडवीच्या ओट्यावर, जाळ तिकडे, धूर तिकडे, आणि फक्त लांब केलेली तोटी भिंतीतून न्हाणीत येते. झरोकाही परत उघडला. रोजच्याला पोटमाळ्यावर विजेचा गीझर आहेच, वेगळं अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) घालून. गीझरसकट विजेचं काम 31 हजार.

चुन्याचा शेवटचा हात मेच्या दुसऱ्या आठवड्यात बसला आणि नेमका त्या वर्षी पाऊस मेमध्येच कोसळायला लागला. 26 मेला तर मान्सून मुंबईत पोचलासुद्धा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्याला वाळायला कोरडी हवा लागते, आणि इथे चार दिवस धारा. उत्तरेच्या भिंतीवर हातभर गिलावा फुगून सुटला. मामांना फोन, म्हणजे त्यांच्या सुनेला. मामा आले, फुगलेला भाग खरवडला, आणि म्हणाले ऑगस्टशिवाय हात लावणार नाही. पंखा लावू का, हॅलोजन लावू का, सगळं विचारून झालं, एकदम वाळवला की तडे जातात म्हणे. तर जून-जुलै न्हाणी वापरात, पण एका भिंतीला ठिगळाची जागा उघडी. ज्यांना चुन्याचं काम करायचंय त्यांनी दिवाळीनंतर लगेच सुरू करून मार्चअखेर भिंती संपवाव्यात, कागदपत्रं त्याच्याही आधी पावसाळ्यात उरकावीत.

ऑगस्टच्या उघडिपीत ठिगळ झालं, वर चुन्याची सफेदी, आणि 27 तारखेला गणपती आले तेव्हा पाहुण्यांच्या आंघोळीला बंब पेटला. पहिल्या दिवशी धूर सगळा माजघरात, कारण वारा उलटा होता. मग पडवीला तट्ट्या बांधला.

एकूण खर्च 3 लाख 70 हजारांच्या आसपास, त्यात सगळ्यात मोठा आकडा मजुरीचा, 1 लाख 42 हजार. इंजिनिअरचा पहिला अंदाज 2 लाख 20 हजारांचा होता. तयार टाइल्सचं बाथरूम याच्या निम्म्यात झालं असतं, हे खरंच आहे. बाकीचं किरकोळ: सुताराचे 14 हजार (जुनंच दार, खालची कुजलेली फळी बदलून, जवसाच्या तेलाचे हात देऊन), पितळी सामान 9 हजार, कमोड आणि बेसिन 14 हजार.

देखभालीचं विचाराल तर चुन्याच्या भिंतीला ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर लागू द्यायचा नाही, चुना खाऊन टाकतो. कामवाल्या मावशींना हे पटवायला वेळ लागला, त्यांचं म्हणणं फेस आल्याशिवाय स्वच्छ होत नाही. आता कमोडचा ब्रश आणि बाटली सागाच्या भिंतीच्या आतल्या बाजूला असते, बाहेर नुसतं पाणी आणि खराटा. कमोडच्या मागच्या कोपऱ्यात अजून बुरशीचा काळा डाग येतो, तिथे हवा पोचत नाही, त्यासाठी अर्धी भिंत खालून चार बोटं कापायची का यावर सुतार आणि मामा यांचं एकमत नाही. शोषखड्डा सबंध पावसाळा तुंबला नाही. दिवाळीच्या आधी सफेदीचा अजून एक हात द्यायचाय, चुना हौदात शिल्लक आहे, वर पाणी आहे तोवर तो खराब होत नाही. कुणाला जवळपास लागत असेल तर घेऊन जा, डबा लोखंडी किंवा स्टीलचा आणा, ॲल्युमिनियमचा नको, चुना तो खातो.